रकाना क्रमांक अकरा

त्र्यंबक नाक्याजवळच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलंय
बीपीचं एक बंद यंत्र.
निर्लेखनाला निघालं होतं, सहीअभावी राहिलं.
माझं काम एवढंच :
यंत्रं घ्यायच्या आधी विचारायचं, घ्यावीत का.

या खेपेला बारा पेट्या. कमी वजनाच्या बाळांना ऊब देणाऱ्या.
एकीला तीन लाख दहा हजार.
एजंटाच्या पुस्तिकेत गुबगुबीत बाळ, निळी चादर,
आणि वीज कधीच जात नाही.

म्हणून वणी मागे टाकून, घाट उतरून,
सुरगाण्याच्याही पुढं गेले.
इंदुमती सिस्टर एकोणीस वर्षं त्याच खोलीत.
त्यांचा काटा वीस ग्रॅम जास्त दाखवतो.
त्या मनातल्या मनात वजा करतात, मग लिहितात.
(हे तंत्रज्ञान कुठल्या यादीत घालू?)
विजेचीही त्यांची एक वही आहे, गेली कधी, आली कधी.
गेल्या महिन्यात एकशे नव्वद तास
नुसतीच गेलेली.

कोपऱ्यातल्या खाटेवर मोहना भोये,
पोलक्यात बाळ, कातडीला कातडी.
एक हजार सहाशे चाळीस. वजा वीस.
“याला कांगारू म्हणतात,” सिस्टर हसल्या,
“कांगारू कुणी बघितलाय इथं?
मी सांगते, वटवाघळीण बघ. पिल्लू पोटाशी धरूनच उडते.”
मोहनाला उडायचंच होतं.
दिंडोरीकडं द्राक्षांचं थिनिंग सुरू झालेलं,
मुकादमाचा टेम्पो पहाटे पाचला,
रोज चारशे.
माझ्या फॉर्मकडं बघून तिनं विचारलं,
“ताई, हे मोजायचे तुम्हाला किती मिळतात?”

मी सांगितलं नाही.

माझ्या तक्त्यात रकाना क्रमांक अकरा : आईचा वेळ.
त्यात छापूनच येतं, निरंक.
मी निरंक खोडलं.
सव्वीस दिवस गुणिले चारशे.
दहा हजार चारशे.
आणि फुकटचा उपाय एकाएकी महाग झाला.
पेटीचा खर्च, सात वर्षांत, वर्षाला चाळीस बाळं धरून,
बाळामागं जेमतेम अकराशे.
एजंटानं मला मिठी मारली असती.

रात्री निमाणीच्या बसमध्ये लक्षात आलं,
पेटी दूध देत नाही.
पेटी आणली तरी आई खाटेवरच,
टेम्पो तसाच निघून जाणार.
म्हणजे अकरावा रकाना दोन्हीकडं भरायचा,
आणि पेटीकडं वर एकशे नव्वद तास,
स्टॅबिलायझर, पुण्याहून येणारा मेकॅनिक,
त्याचा भत्ता.

बैठकीत साहेब म्हणाले, “तुम्ही यंत्राच्या विरोधात आहात का?”
नाही. दोन पेट्या घ्या,
जिथं वीज टिकते, रात्री डॉक्टर असतो तिथं,
दीड किलोच्या खालच्यांसाठी.
उरलेल्या दहांच्या पैशात
आयांना मजुरी द्या. रोजच्या रोज. हातात.
टेकून बसता येईल अशा खुर्च्या, एक पडदा,
आणि सिस्टरांना नवा काटा.
पंख्याचा आवाज तेव्हा फार वाढला.
कुणीतरी चहा मागवला.
“बायका बाळाजवळ बसायचे पैसे मागायला लागतील हो!”
मागणार नाहीत, मी म्हटलं. तीच तर अडचण आहे.

काल सिस्टरांचा निरोप : १९१०. वीस वजा करूनच.
मोहना एकोणिसाव्या दिवशी टेम्पोत चढली.
पुढची ऊब आजीनं दिली.
तिचा वेळ मी कुठंच लिहिलेला नाही.

आज फाइल परत आली. हिरव्या शाईत एकच ओळ :
सदर मजुरी कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची टाकावी?

यादी समोर घेऊन बसलेय.
यंत्रसामग्री. दुरुस्ती. वाहतूक. सादिलवार.
इंधन.
इथं पेन्सिल थांबली.

लेखापाल वाकून बघतात, म्हणतात, इंधन चालेल.
फक्त गाडीचा नंबर टाका.